पाणवठ्यावरचा हिवाळा

[दृश्य: अंधार. कॅम्पच्या फाटकाआत गाड्यांची रांग. काचांवर दव.]

पहाटेचे पावणेसहा वाजलेत. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात स्कुकुझा कॅम्पचं फाटक सहाला उघडेल. त्यानंतरही सूर्य उगवायला अर्धा तास असतो. ही सगळी रांग त्या अर्ध्या तासासाठी लागलीय. रात्रभर हिंडलेले सिंह आणि तरस परत निघालेले असतात, आणि दवानं भिजलेल्या गवतापेक्षा त्यांना मोकळा रस्ता बरा वाटतो.

महिना जुलै. आपल्याकडे या दिवसांत ताडोबाचा गाभा पावसामुळे बंद असतो. इथे मात्र हिवाळा आहे, आणि हिवाळा म्हणजे कोरडा ऋतू. पाऊस पडतो तो ऑक्टोबर ते मार्च-एप्रिल, म्हणजे इथल्या उन्हाळ्यात. तेव्हा खळग्याखळग्यात पाणी असतं, गवत कमरेला लागतं आणि जनावरं चहूकडे पांगलेली असतात. मे उजाडला की खळगे आटू लागतात. जुलै-ऑगस्टपर्यंत उरतात त्या बारमाही नद्या, थोडी तळी आणि माणसानं पंप लावून भरलेले पाणवठे. मग गाडीनं जनावरांमागे धावण्यात अर्थ उरत नाही. पाणी कुठे आहे ते ओळखायचं आणि तिथे थांबायचं.

केपटाउन याला अपवाद. तिथे पाऊस हिवाळ्यातच पडतो. सफारीला जोडून केपटाउन करणाऱ्यांनी छत्री घेतलेली बरी.

[दृश्य: पानगळ झालेलं मोपानीचं रान. एका पानाचा जवळून शॉट.]

हे मोपानीचं पान. पाहताक्षणी दसऱ्याचा आपटा आठवतो. पण आपट्याचं पान एकच असतं, मधोमध दुभंगलेलं. मोपानीच्या देठावर दोन स्वतंत्र पर्णिका फुलपाखराच्या पंखांसारख्या समोरासमोर असतात. ऊन तापलं की त्या मिटतात आणि झाडाखालची सावली विरळ होते. हिवाळा सरता सरता पानं तांबूस होऊन गळतात, आणि उन्हाळ्यात दहा फुटांपलीकडचं न दिसणाऱ्या या रानात पन्नास-साठ पावलांवरचं कुडू हरण दिसू लागतं. अधूनमधून उभं असलेलं ते अवाढव्य खोडाचं झाड तर आपल्या ओळखीचं आहे. ती गोरखचिंच, आफ्रिकेतूनच आपल्याकडे आलेली.

महाराष्ट्रातली बरीच कुटुंबं शाळेच्या सुट्टीमुळे मे महिन्यात इथे येतात. वाईट काळ नाही तो, पण गवत अजून उभं असतं आणि खळग्यांत पाणी शिल्लक असतं. पहिल्यांदाच येणार असाल आणि तारखा हातात असतील, तर मधला जुलै ते ऑगस्टअखेर हा काळ धरावा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये प्राणी आणखी दाटीनं दिसतात. पण तेव्हा उकाडा फार, वणव्यांचा धूर हवेत साचलेला असतो आणि फोटो राखाडी येतात.

[दृश्य: डांबरी रस्ता, डावीकडे साबी नदी.]

क्रुगरला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला १९२६ मध्ये. उत्तर-दक्षिण लांबी सुमारे ३५० किलोमीटर, क्षेत्रफळ एकोणीस हजार चौरस किलोमीटरांहून जास्त, म्हणजे ताडोबा-अंधारीच्या साधारण अकरापट. इथे स्वतःची किंवा भाड्याची गाडी घेऊन हिंडता येतं. सोबत गाइड असायलाच हवा असं नाही. डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि मातीच्या रस्त्यावर ४० किलोमीटरची मर्यादा आहे, पण प्राणी बघायचे असतील तर वेग वीस-पंचवीसच्या वर नेऊ नये. स्कुकुझा ते लोअर साबी हा नदीकाठचा रस्ता पन्नास किलोमीटरांच्या आतला आहे. त्याला तीन तास द्या. शेवटी लोअर साबी कॅम्पच्या बाहेर सनसेट डॅम लागतो. तिथे इंजिन बंद करून तासभर बसलात तर पाणघोडे, मगरी, करकोचे आणि पाण्याला येणारी इम्पाला हरणं, सगळं खिडकीतून दिसतं.

एक चूक बहुतेकांच्या हातून होते. एका दिवसात दीडशे-दोनशे किलोमीटरचा बेत आखतात, मग संध्याकाळी फाटक बंद व्हायच्या धास्तीनं वेग वाढतो. जुलैत फाटक साडेपाचला बंद होतं आणि उशीर झाला तर दंड बसतो. नेमकी त्याच वेळी जनावरं रस्ता ओलांडत असतात.

थंडीचंही बोलू. पहाटे पारा आठ-दहा अंशांवर असतो आणि दुपारी पंचवीसच्या पुढे जातो. उघड्या सफारी गाडीत वाऱ्यामुळे तेच आठ अंश दोन-तीन अंशांसारखे लागतात. एक जाड जॅकेट घालून भागत नाही. आत थर्मल, त्यावर लोकरी, वरून वारा अडवणारं पातळ जाकीट, कानटोपी आणि हातमोजे असे थर हवेत, म्हणजे दहा वाजेपर्यंत एकेक उतरवता येतो. रंग मातकट असावेत. सैनिकी छपाईचे कपडे मात्र नकोत. झिंबाब्वेत सामान्य माणसानं ते घालणं हा गुन्हा आहे.

[दृश्य: इम्पालांचा कळप. सगळ्यांच्या माना एकाच दिशेला.]

ताडोबा-पेंचमध्ये कॉल, म्हणजे हरणांचा धोक्याचा इशारा, ऐकायची सवय असेल तर ती इथेही उपयोगी पडते. चितळाच्या जागी इम्पाला आहे. तिचा इशारा नाकातून फुरफुरल्यासारखा येतो. कळपातल्या सगळ्या माना एकाच झुडपाकडे वळलेल्या असतील तर दुर्बिणही तिकडेच वळवायची. गिधाडांचं मात्र घड्याळ बघावं लागतं. सकाळी सातला झाडावर बसलेली गिधाडं दिसली म्हणून हुरळून जाऊ नका, तो बहुधा त्यांचा रात्रीचा मुक्काम असतो. जमीन तापून वर जाणारी हवा मिळाल्याशिवाय ती उडत नाहीत. नऊ-साडेनऊनंतर एकामागून एक गिधाड पाय खाली सोडून झपाट्यानं उतरताना दिसलं, तर तिथे शिकार पडलेली असते.

हिवाळ्यातच शोधावेत असे प्राणी म्हणजे आफ्रिकी रानकुत्रे. एरवी हा कळप दिवसाला कुठच्या कुठे निघून जातो. पण पिल्लं मे अखेर ते जूनच्या सुमारास होतात, आणि त्यानंतर सुमारे तीन महिने कळप एका बिळाला बांधलेला राहतो. शिकारीला जातो, पोटात मांस घेऊन परततो आणि पिल्लांपुढे ते ओकतो. बिळाची जागा कळली तरी तिथे गर्दी करू नये. माणसांचा त्रास झाला की मादी पिल्लांना दुसरीकडे हलवते, आणि हलवताना ती दगावू शकतात.

गाडीत उभं राहणं, खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढणं टाळा. जनावराला गाडी हा एकच मोठा आकार दिसतो. त्यातून माणसाचा आकार वेगळा झाला की सिंह उठून बसतो.

[दृश्य: रस्त्यावर सुळेवाला नर हत्ती. कानशिलावर ओला पट्टा.]

हत्ती समोर आला तर आधी त्याचं कानशील बघा. डोळा आणि कान यांच्या मध्ये ओला काळपट ओघळ असेल, मागचे पाय मूत्रानं भिजलेले असतील, तर तो माजावर आहे. तिथे थांबायचं नाही, हळूहळू मागे यायचं. कान पसरून, डोकं उंचावून, धूळ उडवत येणारा हत्ती बहुतेक वेळा धमकावत असतो. कान मागे चिकटवून, सोंड आत वळवून, डोकं खाली घालून येणारा खरोखर येत असतो. म्हणून वळणावर गाडी उभी करताना मागे सरकायला जागा ठेवायची आणि दुसऱ्या गाडीला आपल्या मागे चिकटू द्यायचं नाही.

[दृश्य: चोबे नदी. दुपारचे तीन. सपाट तळाची बोट.]

आता बोट्स्वाना. कासाने गावालगत चोबे नदी पूर्वेकडे वाहते. २०२२ च्या हवाई गणनेत अंगोला, बोट्स्वाना, नामिबिया, झांबिया आणि झिंबाब्वे या पाच देशांच्या सामायिक संवर्धन क्षेत्रात सुमारे २,२७,९०० हत्ती मोजले गेले. त्यातले निम्म्याहून अधिक एकट्या बोट्स्वानात होते. मोठा हत्ती दिवसाला शंभर-दोनशे लिटर पाणी पितो, त्यामुळे रान कोरडं पडलं की दुपारनंतर कळपच्या कळप या काठावर उतरतात.

इथे गाडीपेक्षा बोट बरी, आणि त्याला कारण आहे. दक्षिण गोलार्धातल्या हिवाळ्यात सूर्य दिवसभर उत्तरेकडून फिरतो. हत्ती उभे असतात दक्षिण काठावर. काठावरच्या गाडीतून नदीकडे पाहिलं की ऊन डोळ्यांवर येतं आणि हत्ती काळे दिसतात. बोट पाण्यात, म्हणजे त्यांच्या उत्तरेला असते. ऊन आपल्या पाठीशी राहतं आणि हत्तीच्या कातडीवरची ओली चिखलरेघही फोटोत उमटते. कोणत्याही पाणवठ्यावर जागा धरताना हाच हिशेब करावा: आपण उत्तरेला, पाणी दक्षिणेला.

नदीच्या मधोमध सेडुडू बेट आहे. ते नामिबियाचं की बोट्स्वानाचं हा वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि १९९९ मध्ये निकाल बोट्स्वानाच्या बाजूनं लागला. हत्ती सोंड नळीसारखी पाण्याबाहेर धरून तिकडे पोहत जातात. पिल्लू मोठ्यांच्या मधे असतं. वर एका जागी पंख फडफडवत थांबून सूर मारणारा काळा-पांढरा पक्षी बघा. तो कवड्या खंड्या. उजनीच्या पाण्यावर दिसतो तोच, जातसुद्धा तीच. अमूर ससाणा मात्र या दिवसांत इथे शोधू नका. लोणावळ्यावरून जाणारे ते ससाणे इथे येतात नोव्हेंबरनंतर.

[दृश्य: हवाई शॉट. पिवळ्या रानात निळ्या पाण्याच्या नसा.]

ओकावांगोच्या त्रिभुज प्रदेशात एक उलटी गोष्ट घडते. सगळीकडे पाणी आटत असताना इथे पूर येतो. हा पाऊस पडलेला असतो अंगोलाच्या डोंगरात, नोव्हेंबर ते मार्चमध्ये. तिथून ते पाणी खाली येतं, पण समुद्राला मिळत नाही. कलाहारीच्या वाळूवर पसरतं. उतार इतका थोडा आणि वाटेत लव्हाळ्यांची दाटी इतकी, की सुमारे अडीचशे किलोमीटर ओलांडायला त्याला महिने लागतात. माऊन गावापर्यंत ते पोहोचतं साधारण जून-जुलैत, म्हणजे ऐन कोरड्या दिवसांत. २०१४ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आलेलं हे एक हजारावं ठिकाण.

आतल्या कॅम्पांना छोट्या विमानानं जावं लागतं. सामान साधारण २० किलोपर्यंत, तेही कॅमेऱ्यासकट, आणि मऊ पिशवीतच. चाकांची कडक बॅग विमानाच्या पोटातल्या खणात शिरत नाही, आणि ती धावपट्टीवर मागे राहते.

गाडीनं सावुतीमार्गे कासाने ते माऊन करणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर. वाटेत पेट्रोल पंप नाही, आणि खोल वाळूत गाडी एरवीपेक्षा बरंच जास्त पिते. टाकी भरून, वर कॅनही घ्या. वाळू लागली की चाकांतली हवा कमी करायची, म्हणजे चाक पसरतं आणि रुतत नाही. पक्क्या रस्त्यावर आल्याबरोबर पुन्हा भरायची, नाहीतर टायर तापून फुटतो. वाळू सकाळी थंड आणि घट्ट असते, दुपारी सैल पडते, म्हणून अवघड पट्टा दहाच्या आत उरकावा. आणि जून महिन्यातला खरा धोका वाळूचा नसून गवताचा आहे. दोन चाकोऱ्यांमधलं उंच गवत तेव्हा अजून खाल्लेलं नसतं. त्याचं बी रेडिएटरच्या जाळीत भरतं आणि इंजिन तापतं. काड्या सायलेन्सरच्या नळीजवळ साठतात आणि पेट घेतात. पुढे बारीक जाळी बांधा, आणि दर तासाला उतरण्याजोगी जागा पाहून वाकून गाडीखाली बघा. अशी आग लागली की गाडी काही मिनिटांत जाते.

वाटेत पशुवैद्यकीय फाटकं लागतात. लाळ-खुरकूत पसरू नये म्हणून कच्चं मांस काढून घेतात, बूट औषधी पाण्यात बुडवायला लावतात. शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला याचं महत्त्व सांगायला नको.

मलेरियाची जोखीम हिवाळ्यात कमी असते, पण संपत नाही. गोळ्यांचं डॉक्टरांना निघण्याआधीच विचारावं. परतल्यावर आपल्याकडे ऐन पावसाळा असतो. ताप आला की सगळे डेंग्यू समजतात. आपण आफ्रिकेत जाऊन आलो हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगायचं.

[दृश्य: एतोशा. पांढरं क्षितिज. ओकाउकुएयो कॅम्पचा पाणवठा, संध्याकाळ.]

शेवटचा मुक्काम नामिबियातल्या एतोशात. १९०७ पासून राखीव असलेलं हे रान सुमारे ४,८०० चौरस किलोमीटरच्या एका आटलेल्या खाऱ्या तळ्याभोवती पसरलंय. हत्तीसुद्धा इथल्या मातीनं पांढरे झालेले असतात. ओकाउकुएयो कॅम्पच्या कडेला बुटकी दगडी भिंत, तिच्यामागे बाकं, समोर पाणवठा आणि रात्रभर मंद दिवे. बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून ज्यांनी प्राण्यांची गणना केलीय त्यांना हे बसणं नवं नाही. फरक एवढाच, की इथे दररोज रात्री पौर्णिमा असते.

जिराफ येतो. लगेच पीत नाही. दहा-दहा मिनिटं नुसता उभा राहतो, एक पाऊल टाकतो, मागे घेतो. मग पुढचे पाय फाकवत फाकवत मान खाली नेतो. या क्षणी तो सगळ्यात दुबळा असतो, म्हणूनच एवढी खातरजमा. मान पाच-सहा मीटरवरून खाली आल्यावर रक्त मेंदूवर कोसळू नये म्हणून मानेच्या शिरेत झडपा असतात. तो झटक्यात उभा राहतो तेव्हा ओठांतून पाण्याची लांब दोरी हवेत सुटते. फोटो घ्यायचा तो तिचा.

नऊनंतर काळा गेंडा. टोकदार वरच्या ओठावरून तो ओळखायचा. पांढऱ्याचा ओठ रुंद, सपाट असतो. तस्करी थांबलेली नाही. एकट्या दक्षिण आफ्रिकेत २०२४ मध्ये ४२० गेंडे मारले गेले. म्हणून कुठेही गेंड्याचा फोटो टाकताना जागा लिहू नका आणि फोनमधली स्थाननोंद बंद ठेवा.

आता मादी पाण्याशी आलीय, मागे पिल्लू. नजर तिची अधू, पण कान तिखट. कॅमेरा भिंतीवर टेकवा, शटरचा आवाज बंद करा. बाकावरून उठायचं असेल तर ती पाणी पिऊन वळेपर्यंत थांबा. दगडावर चप्पल घासली तरी तिचे दोन्ही कान आपल्याकडे फिरतात आणि पिल्लू पाण्याला तोंड न लावताच अंधारात परततं.