बाटलीवरचं फळ, बाटलीतलं फळ

नमस्कार श्रोतेहो. आज जॅम-जेलीच्या बाटलीबद्दल बोलायचंय. पुढच्या चित्राबद्दल नव्हे, मागच्या बारीक अक्षरांबद्दल.

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतली गोष्ट सांगते. होम मैदानावर एका स्टॉलवर जेलीच्या बाटल्या मांडल्या होत्या. रंग लालभडक, लेबलावर फुटलेलं डाळिंब, दाणे टपोरे. शेजारी सांगोल्याकडच्या एक आजी उभ्या होत्या. घरची डाळिंबाची बाग, म्हणून बाटली त्यांनी कौतुकानं उचलली आणि माझ्यापुढं धरली. "पोरी, चष्मा नाही आणला. मागं काय लिवलंय, वाच की."

मी वाचलं. साखर, सफरचंदाचा गर, पेक्टिन, सायट्रिक आम्ल, कृत्रिम रंग, डाळिंबाचा कृत्रिम स्वाद. आजींनी पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "आमच्या बागंत तेल्या रोग आला तवा डाळिंब गेलं. हितलं कुणी नेलं?"

विकणाऱ्या बाई रागावल्या नाहीत. त्यांनी टेबलाखालून दुसरी बाटली काढली. रंग तपकिरीकडं झुकलेला, चित्र नाही. "ही घरी केलेली, आजी. रंग बघून लोक परत ठेवतात." लेबलावर होतं: साखर, डाळिंबाचा रस 45 टक्के, पेक्टिन, सायट्रिक आम्ल. आजींनी बाटली आडवी केली, आतला गोळा सावकाश सरकला. "रस आटवला की रंग असाच येतो," त्या म्हणाल्या, आणि पैसे काढले.

त्यांचं बरोबर होतं. डाळिंबाचा लाल रंग उष्णतेनं उतरतो. जेली घट्ट करणारं पेक्टिनही डाळिंबाच्या रसात कमी, म्हणून ते वरून घालावं लागतं. त्यात खोट काही नाही.

आता नियम. जॅममध्ये फळ किमान 45 टक्के हवं, जेलीत फळाचा रस तेवढाच. स्ट्रॉबेरी आणि रासबेरीच्या जॅमला 25 टक्क्यांची सूट आहे. मुरंब्यात फळ 55 टक्के. पुन्हा सांगते: जॅम 45, मुरंबा 55. विरघळलेला घन भाग, म्हणजे बहुतेक साखरच, किमान 65 टक्के. घटकांची नावं वजनाच्या उतरत्या क्रमानं छापतात. जे जास्त, ते आधी. म्हणून पहिलं नाव साखरेचं दिसलं तर दचकू नका. दुसरं नाव बघा. फळ कोणतं, ते तिथं कळतं. पहिलं नाही, दुसरं नाव.

आणि माझं स्पष्ट मत आहे, पोरांच्या डब्यात रोज जॅम-पोळीची गुंडाळी देऊच नये. आपल्याकडं कडक भाकरी आहे, शेंगाचटणी आहे, वर दह्याचा गोळा. सोलापूरच्या पोरानं ते खाऊन वाढावं.

असो. बाटलीवर अन्न परवान्याचा 14 अंकी क्रमांक आणि तारीख पाहून घ्या. 'कमी साखर' लिहिलेली बाटली उघडली की फ्रीजमध्येच ठेवा आणि कोरडाच चमचा घाला. बुरशीला अडवते ती साखर; ती कमी असली तर बाटली बाहेर टिकत नाही.