कझुंगुला: दीडशे मीटरची सीमा आणि वळणाचा पूल

(दृश्य: वरून दिसणारी झांबेझी. चोबे नदी येऊन मिळते ती जागा. मग पूल, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.)

हा पूल सरळ का नाही? पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक जण हेच विचारतो. नदीचं पात्र इथे साधारण चारशे मीटरचं. पूल मात्र ९२३ मीटर लांब, आणि तोही बाक घेऊन गेलेला. अभियंत्यांना सरळ रेघ मारता येत नव्हती असं नाही. पण सरळ गेलं असतं तर झिम्बाब्वेच्या हद्दीत पाय पडला असता.

ठिकाणाचं नाव कझुंगुला. आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागाच्या नकाशावर नामिबियाची एक चिंचोळी पट्टी पूर्वेकडे घुसलेली दिसते, तिचं टोक संपतं तिथे. उत्तरेला झांबिया, दक्षिणेला बोत्स्वाना, पश्चिमेला नामिबिया, पूर्वेला झिम्बाब्वे. चार देश जवळजवळ एका बिंदूत मिळतात. जवळजवळ म्हणायचं कारण, झांबिया आणि बोत्स्वाना यांच्यामध्ये जेमतेम दीडशे मीटरची सामायिक सीमा उरते. जगातल्या सर्वांत छोट्या आंतरराष्ट्रीय सीमांपैकी ही एक. एवढीशी सीमा खरोखर आहे की नाही, यावरूनही भांडण झालं होतं. १९७० मध्ये नामिबियावर ताबा असलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या सरकारने म्हटलं, बोत्स्वाना आणि झांबिया एकमेकांना भिडतच नाहीत, तेव्हा इथली फेरी बेकायदा आहे. बोत्स्वानाने ते साफ धुडकावलं. १९७९ मध्ये ऱ्होडेशियाच्या, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेच्या, सैन्याने तर ती फेरीच बुडवली. लष्करी कामासाठी वापरली जाते, असा आरोप ठेवून.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. पॉन्टूनवर चढणारा ट्रक. काठावरची रांग.)

फेरी म्हणजे पॉन्टून, मोटर लावलेला सपाट लोखंडी तराफा. सत्तर टन पेलणारा. एका खेपेला एखादा मोठा ट्रक, सोबत दोन-चार छोट्या गाड्या आणि माणसं. पलीकडे सोडायचं, परत यायचं, पुढचा ट्रक घ्यायचा.

आता या रांगेत कोण उभं होतं ते बघा. झांबियाच्या आणि काँगोच्या तांब्याच्या खाणींमधून निघालेला माल दक्षिण आफ्रिकेतल्या दरबान बंदराकडे. उलट्या दिशेने यंत्रं, इंधन, खतं, धान्य. हजारो किलोमीटरचा रस्ता पार करून आलेला चालक या चारशे मीटर पाण्यासमोर कित्येक दिवस बसून राहायचा. ट्रकच्या सावलीत चूल, ट्रकखालीच अंथरूण. मालकाचं भाडं थांबलेलं, व्यापाऱ्याचा माल अडकलेला, आणि त्या थांबण्याची किंमत शेवटी झांबियाच्या राजधानीत, लुसाकाच्या दुकानात वस्तूच्या किमतीत चढवलेली. समुद्रकिनारा नसलेल्या देशाला महागाई अशी रस्त्यात चिकटते.

२००३ मध्ये जास्त भार असलेला एक ट्रक पॉन्टूनवर होता. पॉन्टून कलंडला. अठरा माणसं बुडाली.

तर मग पूल आधीच का नव्हता? पैसे देणारे नव्हते म्हणून? तसं नाही. उलट, झांबेझीवरचा जवळपास प्रत्येक पूल कुणा ना कुणा बाहेरच्या पैशाने उभा आहे. खाली झांबिया-झिम्बाब्वे सीमेवरच्या चिरुंडूला १९३९ चा पूल एका ब्रिटिश विश्वस्त निधीतून झाला. त्याच्या शेजारचा २००२ चा पूल जपानच्या अनुदानातून. वर झांबियातलं सेशेके आणि नामिबियातलं कातिमा मुलिलो यांना जोडणारा २००४ चा पूल जर्मनीच्या मदतीने. आणि बोत्स्वानात नाटापासून थेट कझुंगुलापर्यंत येणारा रस्ता सत्तरच्या दशकात अमेरिकेच्या मदतीने झाला. म्हणजे एका देणगीदाराने रस्ता आणून नदीकाठी सोडला आणि पुढे कित्येक दशकं तिथे पॉन्टूनच होता. प्रत्येकाने आपला तुकडा नीट केला, पाटी लावली, फीत कापली. दोन तुकडे जोडण्याचं काम कुणाच्याच यादीत नव्हतं.

एक ना धड भाराभर चिंध्या म्हणतो आपण, त्यातला प्रकार.

(दृश्य: परिषदेचं सभागृह. टेबलावरचे छोटे झेंडे.)

हे मदत देणाऱ्यांनाही कळत होतं. २००५ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लेनइगल्सला श्रीमंत देशांची बैठक झाली, तिच्यातून आफ्रिकेच्या पायाभूत सुविधांसाठी एक संघ उभा राहिला. जी-८ देश, जागतिक बँक, आफ्रिकी विकास बँक, युरोपीय संघ असे सगळे त्यात. या संघाचं कार्यालय आफ्रिकी विकास बँकेतच. तो स्वतः कर्ज देत नाही. कोण कुठे काय करतंय हे एकमेकांना सांगायचं, अडलेले प्रकल्प पुढे सरकवायचे, एवढंच त्याचं काम. २००९ च्या एप्रिलमध्ये लुसाकाला तांब्याच्या खाणींपासून दरबानपर्यंतच्या या उत्तर-दक्षिण मार्गासाठी परिषद भरली आणि रस्ते, रेल्वे, वीज, सीमानाकी मिळून सुमारे १२० कोटी डॉलरची आश्वासनं जमली. २०१२ मध्ये आफ्रिकी संघाने अख्ख्या खंडाचा आराखडाच मंजूर केला. त्यात हा मार्ग आहेच.

परिषदा, आराखडे, घोषणापत्रं. यांची यादी लांबवता येईल, पण तिच्यातून पूल कसा झाला ते कळणार नाही. आश्वासन म्हणजे निविदा नव्हे. घोडं पेंड खातं ते या दोहोंच्या मधल्या जागेत.

त्या मधल्या जागेत कोण बसलेलं असतं? रस्ते खात्यातला एखादा अधिकारी. त्याच्यासमोर आफ्रिकी विकास बँकेची खरेदी नियमावली, शेजारी जायकाची, म्हणजे जपानच्या सरकारी मदतसंस्थेची, तिसरी युरोपीय संघाची. पर्यावरण अहवालाचा नमुना प्रत्येकाचा निराळा. भरपाई कुणाला, कशी, याचे निकष निराळे. आर्थिक वर्षं निराळी. आणि प्रत्येकाचं पथक पाहणीला येतं तेव्हा विमानतळावर न्यायला याच अधिकाऱ्याने जायचं. टांझानियाने तर या पाहुण्यांना कंटाळून वर्षातले काही महिने ‘शांततेचे’ ठरवून टाकले होते. एप्रिल ते ऑगस्ट पथकं पाठवू नका, आम्हाला अर्थसंकल्प करू द्या, असं सरळ सांगितलं. मदत घेणाऱ्या देशाने मदत देणाऱ्यांना थोपवून धरावं, याहून समन्वयाच्या अभावाचा वेगळा पुरावा काय हवा?

कझुंगुलात तर घेणारेही दोन. बोत्स्वाना हिऱ्यांच्या उत्पन्नावर सावरलेला, मध्यम उत्पन्नाचा देश. झांबियाला सवलतीचं कर्ज मिळतं, बोत्स्वानाला त्याच खिडकीवर ते मिळत नाही. पूल मात्र एक. त्याचा अर्धा खांब एका व्याजदराने आणि अर्धा दुसऱ्या व्याजदराने बांधता येत नाही. शेवटी मांडणी अशी झाली: आफ्रिकी विकास बँकेने झांबियाला कर्ज दिलं, जायकाने दोन्ही देशांना दिलं, युरोपीय संघाच्या निधीतून थोडं अनुदान आलं, आणि उरलेला वाटा दोन्ही सरकारांनी स्वतः उचलला. एकूण खर्च सुमारे २६ कोटी डॉलर.

कंत्राट दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीला मिळालं. (नाव ओळखीचं वाटलं ना? मुंबईच्या अटल सेतूचा एक टप्पा टाटा प्रोजेक्ट्सबरोबर याच कंपनीने बांधला, आणि त्यालाही कर्ज जायकाचंच.) पायाभरणी २०१४ च्या सप्टेंबरात झाली. पूल २०१८ पर्यंत व्हायचा होता. पण झांबियाच्या वाट्याचे पैसे वेळेवर येईनात, आणि काम रेंगाळलं. आंतरराष्ट्रीय संस्थांचे हप्ते येत होते, अडलं ते सरकारच्या स्वतःच्या तिजोरीत. बाहेरच्या मदतीची चर्चा करताना हा स्थानिक वाटा नेहमी तळटीपेत ढकलला जातो. साइटवर मात्र क्रेन थांबते ती याच तळटीपेमुळे.

(दृश्य: १० मे २०२१. उद्घाटन. दोन राष्ट्राध्यक्ष पुलावर.)

बोत्स्वानाचे मोक्ग्वीत्सी मासिसी आणि झांबियाचे एडगर लुंगू यांनी पूल खुला केला. समारंभाला झिम्बाब्वेचे इमर्सन म्नांगाग्वाही आले होते. आधीचे अध्यक्ष रॉबर्ट मुगाबे यांच्या काळात झिम्बाब्वे या प्रकल्पापासून दूर राहिला, म्हणून तर पुलाला बाक आला. पूल उभा राहिल्यावर आता आम्हीही भागीदार होऊ, असं झिम्बाब्वेने म्हणणं राजकारणाला धरूनच आहे. काँगो-झांबियाकडची वाहतूक इतकी वर्षं झिम्बाब्वेतून, दक्षिण आफ्रिकेच्या सीमेवरच्या बेटब्रिजच्या नाक्यावरून जायची. ती आता बाजूने निघून जाऊ शकते.

पण ट्रकवाल्याच्या दृष्टीने या प्रकल्पातली खरी गोष्ट पुलाच्या वर नाही, पुलाच्या दोन्ही टोकांना आहे.

(दृश्य: सीमानाका. खिडकीत दोन वेगवेगळ्या गणवेशातले अधिकारी शेजारी शेजारी.)

सीमा ओलांडायची म्हणजे एरवी सगळं दोनदा. आधी या देशातून बाहेर पडण्याचे कागद, मग पुढे जाऊन त्या देशात शिरण्याचे. दोन रांगा, दोन तपासण्या, दोन वेळा ताडपत्री सोडणं. इथे ट्रक एकदाच थांबतो, ज्या देशात जायचं आहे तिथे. निघालेल्या देशाचे अधिकारी त्याच इमारतीत, शेजारच्या खुर्चीवर. एक शिक्का मारतो, कागद दुसऱ्याकडे सरकवतो.

ऐकायला किती साधं! पण बोत्स्वानाचा कस्टम अधिकारी झांबियाच्या जमिनीवर बसून कुणाचा माल जप्त करणार तो कोणत्या कायद्याने? त्याने कुणाला अटक केली तर कोठडी कुणाची? त्यासाठी संसदेत कायदा करावा लागतो. हा रस्ता आधी चिरुंडूने मळला होता. झिम्बाब्वेने २००७ मध्ये आणि झांबियाने २००९ मध्ये असे कायदे केले, आणि त्या डिसेंबरात चिरुंडूला आफ्रिकेतला पहिला एकथांबी सीमानाका सुरू झाला. जपानने तिथला पूल २००२ मध्येच दिला होता. म्हणजे पूल असूनही सात वर्षं ट्रक कागदांसाठी उभेच. काँक्रीटला देणगीदार लवकर सापडतो. संगणक प्रणाली एकमेकींशी बोलवणं, शिक्क्यांचे नमुने जुळवणं, दोन देशांच्या अधिकाऱ्यांना एकत्र प्रशिक्षण देणं, याच्यासमोर फीत कापता येत नाही. कझुंगुलात पूल आणि नाके एकाच प्रकल्पात बांधले, आणि माझ्या मते कर्ज देणाऱ्यांनी घेतलेला सर्वांत शहाणा निर्णय हाच.

(दृश्य: लुसाका. अर्थमंत्रालयाची इमारत.)

उद्घाटनाच्या आनंदात एक गोष्ट कुणी मोठ्याने बोललं नाही. सहाच महिने आधी, नोव्हेंबर २०२० मध्ये, झांबियाने युरोबाँडचा, म्हणजे परदेशी चलनात काढलेल्या रोख्यांचा, हप्ता चुकवला होता. करोनाच्या काळात कर्ज बुडवणारा आफ्रिकेतला पहिला देश. या पुलाची कर्जं सवलतीची. मुख्य ओझं दुसरं होतं, बाजारातून उचललेले रोखे आणि चिनी बँकांची कर्जं.

चीनचं नाव निघालं की एक जुनी तुलना आठवते. साठच्या दशकात झांबियाला तांबं समुद्रापर्यंत न्यायला ऱ्होडेशियाला टाळणारा रेल्वेमार्ग हवा होता. जागतिक बँकेने नकार दिला, परवडणारा नाही म्हणून. चीनने १९७० ते १९७५ मध्ये टांझानियातल्या दार-ए-सलाम बंदरापासून झांबियातल्या कापिरी म्पोशीपर्यंत १,८६० किलोमीटरची लाइन टाकून दाखवली. एकच दाता, एकच फाइल, पाच वर्षं. कझुंगुलाच्या पुलाला कर्ज देणारे अनेक होते, आणि एक किलोमीटरही नसलेल्या पुलाला साडेसहा वर्षं. एकट्याने दिलेलं झटपट होतं हे खरंच आहे. पण ती लाइन पुढे दुरुस्तीअभावी मालाविना कशी खंगत गेली, तेही झांबियाने पाहिलं.

आणि कर्ज बुडाल्यावर समन्वय टळतो असंही नाही, तो फक्त उशिरा करावा लागतो. देताना एकमेकांना न विचारलेले सगळे सावकार आता एका टेबलावर बसवायचे होते. आधी कुणी सोडायचं, किती सोडायचं, यावर दोन वर्षांहून जास्त काळ गेला. जून २०२३ मध्ये चीन आणि फ्रान्सच्या सहअध्यक्षतेखालच्या, कर्ज देणाऱ्या देशांच्या समितीने ६३० कोटी डॉलरच्या कर्जाची फेररचना मान्य केली. रोखेधारकांशी बोलणी त्यानंतरही चालूच होती. तोवर लुंगू निवडणूक हरून हाकाइंडे हिचिलेमा अध्यक्ष झाले होते.

(दृश्य: पुन्हा पूल. दोन्ही बाजूंना ट्रक, मधोमध रूळ.)

आता पुलाच्या मध्यभागी बघा. दोन मार्गिकांच्या मधोमध रेल्वेचा रूळ आहे. आराखड्यातच तो धरला होता, कारण नंतर पूल रुंद करणं कुणालाच परवडलं नसतं. या रुळावरून अजून गाडी धावलेली नाही. बोत्स्वानातल्या मोसेत्सेपासून कझुंगुलापर्यंत आणि पुढे झांबियात लिव्हिंग्स्टनपर्यंत लाइन टाकायची योजना आहे. बोत्स्वानातला टप्पाच साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे जातो. पुलाचा कारभार आणि टोलवसुली पाहायला दोन्ही देशांनी मिळून एक प्राधिकरण नेमलं आहे. रेल्वेसाठी मात्र पुन्हा पहिल्यापासून: दोन सरकारं, व्यवहार्यता अहवाल, नवे कर्जदाते, आणि सध्या तरी हात राखून खर्च करणारं लुसाकाचं अर्थमंत्रालय.