लेण्यांकडे खान्देशातून पाहताना

(चाळीसगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. चाळीसगावात लेण्यांवर बोलायचं म्हणजे जरा पंचाईतच असते. समोरच्या निम्म्या लोकांनी शाळेच्या सहलीत अजिंठा पाहिलेला असतो आणि उरलेल्यांना पितळखोऱ्याची वाट माझ्यापेक्षा चांगली ठाऊक असते. त्यामुळे लेणी किती सुंदर आहेत, हे मी आज सांगत बसणार नाही. एकच गोष्ट मांडायची आहे. अजिंठा काय किंवा पितळखोरा काय, आपण तिथे वरून, पठाराच्या बाजूने जातो. पुस्तकंही तशीच लिहिलेली आहेत. सुरुवात पैठणपासून किंवा विदर्भाच्या वाकाटक राजांपासून, आणि खान्देश आला तर ‘जवळचं रेल्वे स्टेशन’ म्हणून. याच लेण्यांकडे खालून, तापी-गिरणेच्या खोऱ्यातून पाहिलं, तर काय हाती लागतं ते बघू.

आधी पाणी बघा. सातमाळा-अजिंठ्याची डोंगररांग म्हणजे गोदावरी आणि तापी यांच्यातला पाणलोट. कण्यापलीकडचं पाणी गोदावरीला, अलीकडचं तापीला. अजिंठ्याची लेणी कण्याच्या आपल्या बाजूला आहेत. त्या घोड्याच्या नालासारख्या कड्याखालून वाघूर वाहते आणि पुढे खान्देशात उतरून तापीला मिळते. जळगावकर नळाला जे पाणी भरतात ते याच नदीवरच्या धरणाचं. आमच्या क्षेत्रातल्या नकाशांवर लेण्यांचे ठिपके असतात, नद्या मात्र क्वचित असतात. भिक्खूंना वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या मुक्कामात, तीन महिने एका जागी राहायचं असे; पाणी बघितल्याशिवाय जागा कोण निवडेल?

आता वाट. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला एक ग्रीक व्यापारी आपल्या सागरी मार्गदर्शिकेत लिहून ठेवतो की भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, आणि तिथून गोमेदासारखे दगड गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून बंदरावर आणले जातात. वाटेतल्या घाटांची नावं तो देत नाही. पण भडोचहून पैठणला जायचं तर तापीचं खोरं आणि हा डोंगर चुकवता येत नाही, आणि पितळखोरा नेमका या डोंगराच्या कडेला आहे. पायथ्याला पाटणं हे गाव, शेजारी आजचा कन्नडचा घाट. गाड्या जिथून चढत-उतरत, तिथेच दानही मिळत असणार. हा तर्क आहे, पण त्याला पितळखोऱ्याच्याच भिंतींवर आधार आहे.

तिथले लेख ब्राह्मी लिपीत, प्राकृतात आहेत. साधारण इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातले. पैठणच्या गंधिकांच्या, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्यांच्या घराण्यातला मितदेव दान देतो. संघकाचे मुलगे दान देतात, तेही पैठणचेच. मगिल नावाचा राजवैद्य येतो, त्याची मुलगी दत्ता येते. राजा कुठेच नाही. अत्तरवाला, वैद्य, वैद्याची मुलगी. हे लोक शेकडो मैलांवर नाही, पण डोंगरापलीकडच्या शहरात राहतात आणि दान घाटमाथ्यावरच्या विहाराला देतात. ते या वाटेने जात-येत असल्याशिवाय हे कसं घडेल?

पितळखोऱ्यावर थोडं थांबू या. १९५७ साली पुरातत्त्व खात्याच्या म. न. देशपांड्यांनी तिथला दगडमातीचा ढिगारा उपसला. कडा जागोजाग कोसळून लेण्यांची तोंडं बुजली होती. हेच देशपांडे त्याच सुमारास आपल्या बहाळला, गिरणेकाठी, उत्खनन करत होते, हे चाळीसगावकरांनी लक्षात ठेवावं. ढिगाऱ्याखालून चौथ्या लेण्याचा दर्शनी भाग बाहेर आला. जोत्यावर हत्तींची रांग, जणू सबंध विहार त्यांच्याच पाठीवर तोललेला. दाराशी दोन द्वारपाल, हातात भाले आणि ढाली, अंगात शिवलेले कपडे. मध्ये वर चढणारा बंदिस्त जिना. आणि बाजूला एक नाग. त्याच्या फण्यांना भोकं आहेत आणि मागून पाण्याची वाट कोरलेली आहे. वरचं पाणी फण्यांतून खाली पडावं अशी ती योजना. पावसाच्या पाण्याचा निचरा करायचाच होता. कुणा डोकेबाज माणसाने त्याचं शिल्प केलं. मला विचाराल तर प्राचीन दख्खनमधल्या शिल्पकामात इतकं खट्याळ काम दुसरं नाही.

त्याच ढिगाऱ्यातून एक यक्ष निघाला. बुटका, पोट सुटलेला, डोक्यावर दोन्ही हातांनी पात्र धरलेला आणि चक्क हसणारा. आज तो दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर कोरलेलं आहे की हा कण्हदास नावाच्या हिरण्यकाराने केला. म्हणजे सोनाराने. सोनार दगडात काम करतो याचं आश्चर्य वाटायला नको. सांचीच्या दक्षिण तोरणावर तर विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी आपण हे रूपकाम केल्याचं लिहून ठेवलं आहे. यक्षाच्या गळ्यातले आणि कानांतले दागिने नीट पाहा, मग दागिने घडवणाऱ्याचा हात दिसतो. प्राचीन भारतात कलावंत स्वतःचं नाव लिहीत नसत, हे वाक्य आपण परीक्षेत लिहितो आणि त्याला गुणही मिळतात. कण्हदासाने मात्र लिहिलं आहे, तेही मूर्तीच्या पाठीमागे दडवून नाही, हातावर.

अजिंठ्याच्या सर्वांत जुन्या, दहाव्या लेण्याच्या दर्शनी कमानीवरही वासिठीपुत कटहादी नावाच्या माणसाने ते घरमुख दान दिल्याचा लेख आहे. काळ जवळपास पितळखोऱ्याचाच. १८१९ च्या एप्रिलात जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आपलं नाव खरवडलं तेही याच लेण्याच्या खांबावर. त्याबद्दल पुष्कळ लिहून झालंय, मी पुढे जातो.

मला सतराव्या लेण्याकडे जायचं आहे, कारण खान्देशचा खरा प्रश्न तिथे आहे. दहावं लेणं कोरल्यानंतर अजिंठ्यात काही शतकं नवं फारसं झालं नाही. मग पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, एकदम धडाका सुरू झाला. सोळावं लेणं हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचं. सव्विसाव्यात बुद्धभद्र नावाचा भिक्खू अश्मक या शेजारच्या राज्याच्या मंत्र्याचं, भव्विराजाचं, नाव घेतो. सतराव्या लेण्याच्या ओसरीतला लेख मात्र वेगळाच आहे. तो एका मांडलिक घराण्याची वंशावळ सांगतो. शेवटी कृष्णदास राजा आणि त्याचे दोन मुलगे. धाकटा रविसांब अकाली गेला. त्या दुःखात थोरल्याने जगाची अनित्यता ओळखली आणि दानधर्माकडे वळला, हे लेणं कोरवलं, पश्चिमेकडे गंधकुटी, म्हणजे खास बुद्धासाठीची वास्तू, बांधली. ही गंधकुटी म्हणजे एकोणिसावं लेणं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. थोरल्याच्या नावाची अक्षरंच झिजून गेली आहेत. अमेरिकन अभ्यासक वॉल्टर स्पिंक त्याला उपेंद्रगुप्त म्हणतात, कारण ते नाव त्याच वंशावळीत वर आलेलं आहे. आता पुस्तकोपुस्तकी ते नाव असं छापतात की लेखात ठसठशीत कोरलेलं असावं.

आणि हा राजा कुठला? लेखात प्रदेशाचं नाव नाही. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडलं की तो ऋषीक देशाचा, आणि ऋषीक म्हणजे खान्देश. त्यांचा एक आधार नाशिकच्या लेण्यांतला गौतमी बलश्रीचा लेख. त्यात तिच्या मुलाच्या, गौतमीपुत्र सातकर्णीच्या, ताब्यातल्या प्रदेशांची नावं ओळीने येतात: असिक, असक, मुळक, सुरठ. मुळक म्हणजे पैठणच्या आसपासचा भाग, असक म्हणजे अश्मक, मग शेजारचा असिक म्हणजे ऋषीक, म्हणजे तापीचं खोरं. ऐकायला छान वाटतं. आपल्याला तर फारच छान वाटतं, कारण मग अजिंठ्यातली सर्वांत देखणी चित्रं, याच सतराव्या लेण्यातल्या बौद्ध कथा, ते वेस्सन्तर जातक, तो सिंहलावदानाचा भिंतभर पसारा, खान्देशच्या राजाच्या पैशाने झाली असं ठरतं.

पण ओडिशातल्या खारवेल राजाच्या हाथीगुंफा लेखात असिकनगर येतं ते कण्हबेंणा नदीच्या संदर्भात, आणि पुष्कळ जणांच्या मते ती नदी तापीच्या जवळपासही नाही. म्हणजे ऋषीकांना खान्देशात बसवणं शक्य आहे, सिद्ध मात्र नाही. मला स्वतःला मिराशींचा अंदाज बरोबर वाटतो, आणि तो लेखातल्या नावांपेक्षा भूगोलामुळे. लेणी तापीच्या बाजूला, अश्मकांशी शेजारवैर, आणि वाकाटकांचा मांडलिक. हे तिन्ही एकत्र बसतील असा मुलूख दुसरा कोणता?

तरी सावध राहण्याचं एक कारण आपल्याच जिल्ह्यांतलं आहे. शिरपूरला रुद्रदास नावाच्या महाराजाचा ताम्रपट सापडला होता. असे आणखी काही ताम्रपट होते, त्यांतले काही ‘वल्खा’ नावाच्या ठिकाणाहून दिलेले. मिराशींनी वल्खा म्हणजे चाळीसगावजवळचं वाघळी असं सुचवलं आणि हे सगळे खान्देशचे राजे ठरले. कित्येक वर्षं तसंच चाललं. मग १९८२ मध्ये मध्य प्रदेशातल्या बाघजवळ रिसावाला गावी २७ ताम्रपटांचा साठा मिळाला. तेच राजे, तेच वल्खा, पण दान दिलेली गावं नर्मदेच्या खोऱ्यातली. वल्खा वाघळीहून उठून बाघला गेलं. मिराशींची योग्यता याने कमी होत नाही. हातात चार-पाच पट असताना कुणीही तसंच म्हणालं असतं. पण ‘खान्देशचे प्राचीन राजे’ म्हणून ती यादी अजूनही गावोगावच्या स्मरणिकांत छापली जाते, ती थांबवा बुवा आता.

याच कारणामुळे मला अजिंठ्याच्या बारीक कालगणनेबद्दल शंका वाटते. स्पिंक यांनी एकेका लेण्याचं, कधी एकेका दाराचं, वर्ष ठरवलं. सबंध वाकाटककालीन काम सुमारे ४६२ ते ४८० एवढ्यात बसवलं. त्यांच्याइतकं त्या लेण्यांत कुणी बसलेलं नाही. अर्धवट सोडलेली छिन्नीची खूण, बिजागरीचं भोक, घाईने लावलेला गिलावा, यांवरून काम केव्हा थांबलं हे वाचायला त्यांनी शिकवलं. पण काम का थांबलं, हे सांगताना ते दंडीच्या दशकुमारचरित या संस्कृत कथाग्रंथातल्या एका कथेचा आधार घेतात. अश्मकाच्या राजाने कपट करून विदर्भाचा तरुण राजा बुडवला, अशी ती कथा. तिच्यात इतिहासाची आठवण असेलही. पण छिन्नीच्या खुणेवर जेवढा विश्वास ठेवावा तेवढा कथेवर ठेवू नये, एवढंच माझं म्हणणं.

रंगांबद्दल दोन शब्द, कारण प्रत्येक वेळी हा प्रश्न येतो. ही चित्रं युरोपातल्या भित्तिचित्रांसारखी ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. दगडावर मातीचा लेप, त्यात भाताचा कोंडा आणि वनस्पतींचे तंतू. त्यावर चुन्याचा पातळ थर. तो वाळल्यावर चिकटद्रव्यात कालवलेले रंग. गेरू, पिवळी माती, काजळी, चुना आणि हिरवी माती हे सगळं देशातलं. निळा मात्र लाजवर्दी दगडाचा, तो अफगाणिस्तानातल्या बदख्शांकडून येत असे. म्हणजे पुन्हा वाटच आली.

(यानंतर श्रोत्यांनी प्रश्न विचारले. त्यांतले दोन इथे दिले आहेत.)

मागच्या रांगेतून एका आजोबांनी विचारलं, “इतलं सगळं खरं, पन हाई कोनी करं?”

बाबा, पैसे कोणी दिले ते लेखांत आहे, छिन्नी कोणी चालवली ते फारसं नाही. अजिंठ्यातली चोविसावं आणि एकोणतिसावं ही अर्धवट राहिलेली लेणी बघा, म्हणजे कामाची रीत कळते. आधी वरचा भाग मोकळा करायचा आणि मग खाली उतरत जायचं, म्हणजे परांची लागत नाही. खांब आधी चौकोनी ठोकळे म्हणून सोडायचे. ढोबळ फोडणारे वेगळे आणि नक्षी काढणारे वेगळे असणार. त्यांची वस्ती कुठे होती, हे पठारावर आणि पायथ्याला शोधायला हवं. आतापर्यंत लोक कड्याकडेच बघत राहिलेत.

एका विद्यार्थिनीने विचारलं, “सर, पाटण्याच्या नागार्जुन कोठडीत खरंच नागार्जुन राहत होता का?”

नाही. आत जैन तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत, ते लेणं जैनांचं, आणि पितळखोऱ्यापेक्षा कित्येक शतकं उशिराचं आहे. शेजारी सीतेची न्हाणी म्हणतात, तिचाही सीतेशी संबंध नाही. नावं नंतरच्या लोकांनी ठेवली. तू जाशील तेव्हा दुपारी जा, सकाळी आत उजेड पुरत नाही. पाटण्याचं नाव निघालंच आहे तर तिथला भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेखही वाचून ये. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने मठ काढल्याची नोंद त्यात आहे, आणि त्याची भाषा बरीचशी संस्कृत आणि शेवटी जुनी मराठी आहे. पाऊस संपेपर्यंत मात्र थांब, वाटेतला ओढा तेव्हा ओलांडता येत नाही.