गच्चीवर सोलर, तरी सकाळी अर्धी बादली थंडच काहून?

(गच्चीवर, मागे सोलरची टाकी)

राम राम मंडळी. आर्वीतली ही तीन मजली अपार्टमेंट, फ्लॅट आठ. टाकीतलं पाणी 55 अंश, आत्ताच मोजलं. चला खाली.

(तळमजल्याचं न्हाणीघर, हातात बादली)

सकाळचे सहा, बाहेर पारा 10 वर. नळ सोडला. पाच लिटर झालं, थंड. आठ झालं, तरी थंडच. ही मार्करची खूण पाहा, 11 लिटर. इथं कुठं ते हाताला गरम लागलं.

सोलर बिघडलं का? नाही बावा. टाकी ते नळ पाईप 22 मीटर. आतून 25 मिलिमीटरचा, म्हणजे एक इंची, पाईप मीटरला अर्धा लिटर पाणी धरतो. करा हिशोब. काल रात्री शेवटचा नळ बंद झाला तेव्हा हेच 11 लिटर गरम होतं, रातभर पाईपात उभं राहून निवलं. जवळपास अर्ध्या युनिटची ऊब गेली.

ऊन तर फुकट आहे, म्हणाल. पण वाट पाहून कंटाळलेला माणूस गिझरचं बटण दाबतो. दोन किलोवॅटचा गिझर, पंधरा मिनिटं, अर्धं युनिट. ते फुकट नाही.

आमचा प्लंबर म्हणे, "मोठाच पाईप टाका, प्रेशर मस्त येते." उभ्या लाईनला ते ठीक, तिच्यावर आठ घरं आहेत. पण तिच्यापासून न्हाणीघरापर्यंतच्या 8 मीटरलाही एक इंची कशाला? तिथं अर्धा इंची टाकला तर 4 लिटरचं दीड होते.

एक जण म्हणाले, पंप लावून गरम पाणी सारखं फिरवत ठेवू, नळ उघडला की गरम. थांबा! उघडा लोखंडी पाईप या थंडीत मीटरमागे 40 वॅटच्या आसपास उष्णता सोडतो. सगळ्या घरांचा मिळून जाऊन-येऊन 60 मीटर पाईप धरा, 2400 वॅट. म्हणजे हवा तापवायला चोवीस तास गिझर चालू. फिरवायचंच असेल तर आधी पाईप गुंडाळा, मग पंपाला टायमर लावा, पहाटेपुरता.

आता गुंडाळणं. हे काळं नायट्रिल फोमचं कव्हर. नीट जाडीचं असलं तर उष्णतेची गळती पाव हिश्श्यावर येते. पण खरं सांगतो, रातभर यानंही पाणी गरम राहत नाही. फायदा होतो तो सकाळी, एकाची आंघोळ झाल्यावर दुसरा अर्ध्या तासानं येतो तेव्हा.

(कॅमेरा पुन्हा गच्चीवर, फाटलेल्या फोमवर)

हे आमचं पहिलं कव्हर. सकाळी बसवलं, दुपारी काळतोंडी वानरं आली अन् केळी सोलावी तसं सोललं! जे वाचलं ते उन्हानं तडकलं. मग जाडा पीव्हीसी पाईप उभा चिरला, फोमवर चढवला, तारेनं आवळला. वानरं अजूनही येतात, त्यावर बसतात, जातात.

उद्या बादलीवर खूण करा अन् किती लिटर थंड गेलं ते कमेंटमध्ये टाका. मजला लिहायला विसरू नका.