टोपीकरांचे निरनिराळे हिशेब

नमस्कार श्रोतेहो.

फिरंगी, वलंदेज, फरासीस, इंग्रज. आपल्या जुन्या कागदांत या सगळ्यांना मिळून टोपीकर म्हणत. आपणही 'युरोपीय आले, व्यापार केला आणि राज्य बळकावलं' एवढ्यावर त्यांची बोळवण करतो. पण प्रत्येकाला हवं होतं ते वेगळं, आणि त्या त्या मुलुखाची पुढे काय गत झाली, ते बरंचसं त्यावरच ठरलं.

फिरंग्यांनी, म्हणजे पोर्तुगीजांनी, १५१० साली गोवा घेतला, पुढच्याच वर्षी मलाक्का, १५१५ मध्ये होर्मुझ. नकाशा काढून बघा, ही सगळी समुद्रवाटेवरची नाकी आहेत. समुद्रात जहाज घालायचं तर त्यांचा 'कार्ताझ' नावाचा परवाना हवा. परवान्याची फी किरकोळच. खरी मेख होती ती त्यांच्या बंदरात थांबून जकात भरण्याची. परवाना नसेल तर जहाज जप्त. अकबराची आत्या गुलबदन बेगम हजला निघाली, तेव्हा तिलाही या कागदापायी सुरतेत खोळंबावं लागलं. बादशहाची आत्या, पण समुद्रावर बादशाही चालत नव्हती!

स्पेनला हवी होती चांदी. १५४५ मध्ये दक्षिण अमेरिकेत पोटोसीचा चांदीचा डोंगर सापडला आणि अँडीज पर्वतातल्या गावागावांतून वेठीनं माणसं खाणीत उतरवली गेली.

वलंदेजांचा, म्हणजे डचांचा, हिशेब मला सगळ्यांत भयंकर वाटतो. त्यांची कंपनी १६०२ सालची, भागधारकांच्या पैशावर उभी राहिलेली. तेव्हा जायफळ पिकायचं फक्त आजच्या इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर. पिवळसर फळ तडकतं, आत बीला लालभडक जाळी बिलगलेली असते. ती जायपत्री, आणि आतलं बी म्हणजे आपण श्रीखंडात किसून घालतो ते जायफळ. बांदाचे लोक ते जो चांगला भाव देईल त्याला विकत. कंपनीला एकटीलाच ते हवं होतं, तेही तिच्याच भावात. १६२१ मध्ये कंपनीचा गव्हर्नर जनरल यान कून फौज घेऊन उतरला. गावच्या ४४ प्रमुखांची मुंडकी उडवली. बेटांवर अंदाजे पंधरा हजार वस्ती होती. कत्तल, उपासमार आणि हद्दपारीनंतर जेमतेम हजारभर उरली. मग बागांचे तुकडे पाडून डच मळेवाल्यांना दिले आणि राबायला गुलाम आणले. बी दुसरीकडे कुठे रुजू नये म्हणून जायफळ चुन्यात घोळवून पाठवत.

फ्रेंचांनी इंग्रजांशी झालेल्या १७६३ च्या तहात अख्खा कॅनडा सोडला, पण कॅरिबियन समुद्रातलं साखरेचं ग्वादेलूप बेट परत मिळवलं. त्यांच्या लेखी साखर किती मोलाची होती, ते यावरून कळतं.

आणि इंग्रज? तेही आधी सुरतेत कापड घेणारे गिऱ्हाईकच होते. कापडाच्या बदल्यात चांदी मोजावी लागे, आणि चांदी देशाबाहेर जाते म्हणून लंडनमध्ये ओरड होई. १७६५ साली बंगालची दिवाणी, म्हणजे सारा वसूल करायचा हक्क, मिळाली आणि हा प्रश्नच मिटला. रयतेकडून सारा वसूल करायचा आणि त्याच पैशातून रयतेनं विणलेलं कापड घेऊन विलायतेला धाडायचं. म्हणजे माल फुकट! चारच वर्षांनी बंगालात भीषण दुष्काळ पडला, लाखो माणसं मेली. तरीही १७७१ ची वसुली दुष्काळाआधीच्या १७६८ पेक्षा जास्तच भरली, असं खुद्द बंगालचा इंग्रज गव्हर्नर वॉरन हेस्टिंग्जनं लंडनला लिहून कळवलं.