खारं पाणी पिकाला चालतं का?

नमस्कार मंडळी. आज खाऱ्या पाण्याबद्दल बोलू, कारण उन्हाळा तापला की कित्येकांचं बोअर मचूळ व्हायला लागतं, आणि तिकडे कोल्हापूर-सांगलीच्या शिरोळ-वाळव्याकडे ज्यांनी क्षारपड रानात निचऱ्यासाठी जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकलेत त्यांच्या पाईपातून निघालेलं पाणी ओढ्याला वाहून जातं, मग मनात येणारच ना की हेच पाणी मोटर लावून परत पिकाला दिलं तर?

देता येतं. पण आधी एक हिशेब करा. पाण्याची ईसी, म्हणजे विद्युत वाहकता, पाण्यात क्षार किती ते सांगणारा आकडा, 2 (डेसीसीमेन प्रति मीटर) असेल, म्हणजे फार भयंकर नाही हं, तरी लिटरला साधारण सव्वा ग्रॅम क्षार असतात. एकराला 5 सेंटीमीटर पाणी दिलं की ते होतं 2 लाख लिटर, म्हणजे एका पाण्यात अडीचशे किलो क्षार, युरियाची पिशवी 45 किलोची धरली तर साडेपाच पिशव्या! पाणी पीक पितं, थोडं ऊन नेतं, क्षार मात्र जवळपास सगळे मागे राहतात. म्हणून पाणी किती खारं याच्या आधी मी विचारतो, तुमच्या रानातून मीठ बाहेर कुठून जाणार?

हरियाणात हे नीट करून बघितलंय. कर्नालला 1969 पासून मृदा लवणतेची केंद्रीय संशोधन संस्था आहे, त्यांनी रोहतकजवळ सांपल्याला जमिनीखाली निचरा पाईप टाकले आणि त्यातून निघालेलं खारं पाणी गव्हाला वापरून पाहिलं. युक्ती काय, तर पेरणीआधीचं पाणी कॅनॉलचं गोडं द्यायचं, पीक उगवून मूळ धरलं की पुढं खारं चालवायचं. उगवणीच्या वेळीच पीक सगळ्यात नाजूक असतं, तेवढं सांभाळलं की निम्मं काम झालं. गोडं-खारं एकत्र मिसळण्यापेक्षा असं आलटून पालटून देणं मला जास्त पटतं, कारण मिसळलं की हातातलं थोडंसं गोडं पाणीपण खारट करून बसतो आपण. आणि साचलेलं मीठ पावसाळ्यात धुऊन पाईपातून जातं. पण तिथली माती हलकी, पोयट्याची, हे विसरू नका.

आपल्याकडं काळी चिकण माती. पूर्णा खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर मातीत सोडियमच जास्त, कण फुगतात, वरचा थर बंद होतो, पाणी खाली मुरतच नाही. अशा चोपण रानात 'जास्त पाणी देऊन मीठ धुऊन काढू' म्हणालात तर उलटं होणार. तिथं आधी सोडियम हटवायला जिप्सम, धैंच्याचं हिरवळीचं खत आणि निचरा, आणि खरं सांगायचं तर तिथं बोअरच्या नादी लागण्यापेक्षा शेततळ्यातलं पावसाचं पाणी बरं.

पीक कुठलं यावरही खूप आहे. कापूस, बार्ली, गहू बऱ्यापैकी खारं सोसतात, ऊस आपल्याला दणकट वाटतो पण या बाबतीत तो तसा नाजूकच, आणि घेवडा, कांदा, गाजर यांना तर लगेच फटका बसतो. पुस्तकात गव्हाला 6 आणि कांद्याला 1.2 अशी मर्यादा दिलेली दिसेल, पण ती मातीच्या संपृक्त अर्काची, म्हणजे पाण्यानं पुरती भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची ईसी आहे, आपल्या लॅबवाले बहुतेक वेळा एक भाग माती अन् अडीच भाग पाणी घालून मोजतात, तो आकडा बराच कमी येतो, तेव्हा दोन्ही शेजारी ठेवून खुश होऊ नका.

खाऱ्या पाण्याला स्प्रिंकलर नको, पानं करपतात. ड्रिप चांगलं, मीठ ओल्या भागाच्या कडेला ढकललं जातं. मात्र अवकाळी पावसाचा शिडकावा झाला तर तेच मीठ परत मुळाशी येतं, म्हणून असा हलका पाऊस सुरू असताना ड्रिप बंद न करता चालूच ठेवायचं, लोक हसतील, हसू दे.

आता नमुना. मोटर अर्धा तास चालवा, स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्यानं दोन-तीनदा विसळा आणि लिटरभर भरून द्या, एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळा संपल्यावर, कारण दोन्ही वेळचं पाणी एकसारखं नसतं. लॅबमध्ये नुसता सामू (पीएच) आणि ईसी नको, एसएआर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या मानानं सोडियम किती) आणि आरएससी (उरलेलं सोडियम कार्बोनेट) पण लिहून मागा, जिप्सम लागणार का नाही ते त्यावरनं कळतं.