मेंदू आणि त्याची हकीकत

(दृश्य: प्रयोगशाळेतलं टेबल, ट्रेमध्ये मेंदू)

वजन साधारण तेराशे ग्रॅम. कवटीतून नुकताच काढलेला मेंदू खरवसासारखा असतो, जोरात बोट लावलं तर खचेल. म्हणून त्याचा एक भाग फॉर्मॅलिन या टिकवणाऱ्या द्रावणात बुडवून ठेवतात. दोन-तीन आठवड्यांत तो घट्ट होतो आणि मग नीट काप घेता येतात. दुसरा भाग लगेच उणे ८० अंशांवर गोठवायचा, कारण काही तपासण्यांना फॉर्मॅलिन चालत नाही.

निम्हान्स ही बंगळुरूची मेंदूच्या आणि मनाच्या आजारांवरची राष्ट्रीय संस्था. तिथली ही मेंदूपेढी डॉ. एस. के. शंकर यांनी १९९५ साली उभी केली. रक्तपेढीतलं रक्त कुणाला तरी चढवतात, नेत्रपेढीतलं बुबुळ कुणाला तरी बसवतात. इथला मेंदू कुणालाच बसवायचा नसतो. तो फक्त अभ्यासासाठी.

(दृश्य: मध्यमेंदूचा काप, जवळून)

हा काळसर पट्टा बघा. कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या रुग्णात तो फिकट पडलेला असतो. हालचालींना लागणारं डोपामाइन हे रसायन तयार करणाऱ्या तिथल्या पेशी मेलेल्या असतात. हे नुसत्या डोळ्यांनाही कळतं. पण आधी कोणता हात थरथरायला लागला? झोपेत हातपाय झाडायचे का? फोडणीचा वास कधीपासून येईनासा झाला होता? हे कापात दिसत नाही. ते बायकोला ठाऊक असतं, सुनेला ठाऊक असतं. त्यामुळे मेंदू देणाऱ्या घराकडून आजाराची हकीकतही घ्यावी लागते. खरं तर दानाचा हा भाग लोकांना कुणी सांगतच नाही.

हकीकतीनं काय फरक पडतो, ते अमेरिकेतल्या नन्सनी दाखवलं. संशोधक डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ साली मिनेसोटातल्या एका मठापासून सुरुवात केली. पुढे वेगवेगळ्या मठांतल्या ६७८ नन्स तयार झाल्या, सगळ्या पंचाहत्तरी गाठलेल्या. ठरावीक काळानं स्मरणशक्तीची चाचणी द्यायची आणि मृत्यूनंतर मेंदू द्यायचा. त्यांतल्या काहींनी तरुणपणी, व्रत घेण्याआधी लिहिलेली छोटी आत्मवृत्तंही मठात जपून ठेवलेली होती. ज्यांच्या वाक्यांत विचार दाटीनं भरलेले होते, त्यांच्यात म्हातारपणी अल्झायमर कमी आढळला.

त्यांतल्या सिस्टर मेरी १०१ व्या वर्षी गेल्या. चाचण्यांत त्यांचे गुण शेवटपर्यंत चांगले होते. मेंदू उघडला, तर त्यात अल्झायमरच्या खुणा भरपूर. नुसता काप हाती आला असता, तर कुणीही म्हणालं असतं, बाईंना फार विसरायला होत असणार!

(दृश्य: घरातली बैठक, टेबलावर संमतिपत्र)

आता आपल्या घरातलं बोलू. हयातीत मेंदूदानाचा फॉर्म भरून ठेवला की काम झालं, असं वाटतं. पण ज्यानं सही केली, तो त्या दिवशी बोलायला नसतो. फोन घरच्यांनीच करायचा, तोही लगेच, कारण तासागणिक पेशींचा कस उतरत जातो. नेमक्या त्याच वेळी दारात नातेवाईक जमलेले असतात, कुणी भटजींना फोन लावत असतं आणि एखादे काका हमखास विचारतात, ‘चेहरा बिघडेल का रे?’ नाही बिघडत. छेद डोक्यावरून, एका कानामागून दुसऱ्या कानामागे, केसांत घेतात आणि मग टाके घालतात. देह घरच्यांना परत मिळतो, अंत्यविधी नेहमीसारखे करता येतात.

देहदानाची गोष्ट निराळी. तो देह बहुधा वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना शिकवण्यासाठी जातो. मेंदू संशोधनाला द्यायचा, तर तसं आधी वेगळं ठरवावं लागतं. शिवाय नागपूर-नाशिकच्या घराला बंगळुरू गाठणं अवघडच. जवळ सोय नाही, ही आपल्याकडची खरी अडचण.

(दृश्य: शवागाराबाहेरचा बाक)

आजारी मेंदूची तुलना कशाशी करायची? त्यासाठी निरोगी मेंदू लागतात. निम्हान्समध्ये त्यांतले बरेचसे रस्ता अपघातात गेलेल्यांचे असतात. त्यांनी कुठलाही फॉर्म भरलेला नसतो. शवविच्छेदन कायद्यानं करावंच लागतं, पण मेंदू संशोधनासाठी ठेवून घ्यायचा, तर नातेवाइकांना विचारावं लागतं. सकाळी कामावर गेलेल्या मुलाच्या वडिलांना संध्याकाळी हा प्रश्न विचारला जातो. आणि त्यांतले काही जण हो म्हणतात.